तळहातावरचा देव

खुबा बदलल्यावर मी लातूरला व्यायामाला जायचे. तिथे उदगीरचे एक म्हातारे आडते भेटायचे. त्यांचाही खुबा बदललेला. कपाळावर भस्म, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. वॉकर पुढे सरकवताना "चल राजा, चल" म्हणत ते आपल्याच पायाला चुचकारायचे.

डॉक्टरांनी मांडी घालायला कायमची बंदी केली, तेव्हा मी रडवेली झाले. त्या आजोबांना म्हटलं, देव खाली पाटावर आणि मी खुर्चीवर, अशी कुठं पूजा असते?

आजोबा हसले. "आमचा देव पूजेला तळहातावर असतोय, अक्का. मी खुर्चीवर बसलो की त्योबी संगं वर येतोय. तुमच्या देवालाबी टेबल द्या की!"

घरी आल्यावर देव टेबलावर मांडले. काठी भिंतीला टेकवून खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच देवाची आणि माझी नजरानजर झाली.