पाय उचलण्याआधी आणखी एक फेरी

श्री. सुधाकर आजगावकर यांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या खैतानमधल्या फ्लॅटच्या बाल्कनीत झाली. मी एसी दुरुस्तीला गेलो होतो. तेव्हा माझं स्वतःचं वर्कशॉप नव्हतं. पान्यांची एक पेटी होती आणि मित्राकडून मागून आणलेली गाडी.

"थंड करत नाही का?" मी विचारलं.

"करतो की."

"पाणी गळतं?"

"नाही."

"मग तक्रार काय?"

"त्याचा सूर चढा आहे," सुधाकरराव म्हणाले.

एसी आवाज करतो म्हणणारी गिऱ्हाइकं मला रोज भेटत. एसी सुरात नाही म्हणणारे हे पहिलेच. त्यांनी आतून गिटार आणली आणि जाड तारांपैकी एक छेडली. "हा 'जी' सूर. आता तुमचा एसी ऐका. किंचित वर आहे की नाही?" मी कान दिला. होता. ती घरघर मी वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो, पण तिला सूर असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची निम्मी गाणी 'जी' सुरातली, त्यामुळे एसी चालू असला की रियाज होईना, आणि कुवेतच्या उन्हाळ्यात एसी बंद केला की माणूस टिकेना.

"सूर खाली आणता येणार नाही, तो विजेचाच आहे," मी म्हणालो. "पण गप्प करता येईल." कॉम्प्रेसरखाली जाड रबर बसवलं आणि घरघर बरीच बसली.

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी नीलिमाताई म्हणाल्या, "असं रबर आणखी असेल तर यांच्याखालीही बसवा."

निघताना सुधाकररावांनी मला आणखी एक विनंती केली, थंडावा थोडा कमी ठेवा. एसीची कोरडी हवा लाकूड तडकवते. गिटारच्या पेटीत त्यांनी भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवला होता. पुढे मी त्यांच्या घरी पुष्कळदा गेलो. उन्हाळ्यात पाहुण्यांना पाणी विचारण्याआधी त्या स्पंजला पाणी मिळतं, ही नीलिमाताईंची तक्रार मी डोळ्यांनी खरी ठरलेली पाहिली आहे.

या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांनी सुधाकररावांना आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात वाजवताना ऐकलं असेल आणि ते 'काउबॉयचं काहीतरी' वाजवतात असा समज करून घेतला असेल. म्हणून थोडा खुलासा. ते वाजवतात त्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या लोकांचं हे संगीत. सगळी तारेची वाद्यं: बँजो, व्हायोलिन, मँडोलिन, गिटार आणि उभा बेस, म्हणजे माणसाएवढं खर्जाचं व्हायोलिन. तबला नाही, ड्रम नाही. मग लय कुणी धरायची? ते काम मुख्यतः गिटारचं. गाणारे-वाजवणारे गोल उभे राहतात, पाळीपाळीने एकेक जण पुढे होऊन चाल आपल्या पद्धतीने वाजवतो आणि मागे सरतो. पाळी कुणाची हे मानेच्या खुणेने ठरतं. ज्याने गाणं सुरू केलं त्याने एक पाय किंचित उचलला की ही शेवटची फेरी, असं सगळ्यांनी समजायचं. तोंडाने कुणी काही बोलत नाही. आपल्या मंडळाच्या बैठका या पद्धतीने घ्याव्यात असं मी एकदा सुचवलं होतं. त्याची नोंद झालेली दिसत नाही.

सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातला तरुण या संगीतापर्यंत पोचला तो शुऐबाच्या वाटेने. सुधाकरराव तिथे एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून कंत्राटावर आले. बॅचलर कॅम्पात राहत. शुक्रवारी दुपारी पलीकडच्या केबिनबाहेर रॉय नावाचा अमेरिकन सुपरवायझर बँजो घेऊन बसे. रॉय आता आपल्या मंडळालाही परिचित आहेत. तेव्हा कॅम्पातले लोक त्यांच्यापासून लांब बसत, कारण बँजो एकटा ऐकणं सोपं नाही. सुधाकरराव जवळ जाऊन बसले आणि मांडीवर थाप देऊ लागले. गावच्या भजनात त्यांनी लहानपणापासून झांज धरलेली. भजन चढत जातं तेव्हा लय हातातून सुटू द्यायची नाही, एवढं एक शिक्षण त्यांच्याकडे होतं. रॉय यांनी ते ओळखलं. केबिनमधली जुनी गिटार त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "मला हाच हात हवाय. बोटं मी शिकवतो."

पुढे सुधाकरराव जाब्रियातल्या एका इस्पितळात यंत्रांच्या देखभालीच्या कामाला लागले आणि आजही तिथेच आहेत. कामाच्या ठिकाणी त्यांच्या गिटारबद्दल फारसं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी ते लपवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

माझं वर्कशॉप झाल्यावर सुधाकरराव आणि रॉय यांची शुक्रवारची बैठक तिथे भरू लागली. कारण एकच, माझ्या वर्कशॉपचा एसी हा खैतानमधला सगळ्यात मुका एसी आहे. एक उभा बेस विकाऊ होता, तो मी घेतला आणि वाजवायला कुणी नव्हतं म्हणून वाजवायलाही लागलो. शिकवलं सुधाकररावांनी. त्यांच्या शिकवण्यात कौतुक हा प्रकार नाही. आपण बरं वाजवलं की ते पुढचं गाणं सुरू करतात. वाईट वाजवलं की तेच पुन्हा सुरू करतात.

बैठकीत चौथ्या आल्या त्या शीबा सिस्टर. सुधाकररावांच्याच इस्पितळात नर्स, मूळच्या केरळच्या, गावच्या चर्चमध्ये व्हायोलिन शिकलेल्या. समोर कागद असेल तर उत्तम वाजवत. कागदाशिवाय पाळी घ्यायची म्हटलं की घाबरत. "सर, मेरा टर्न रॉय अंकल को दे दो ना," असं त्या दर शुक्रवारी म्हणत आणि सुधाकरराव दर शुक्रवारी त्यांच्याकडेच मान हलवत.

मंडळाच्या गणेशोत्सवात आम्ही वाजवलं तो प्रसंग इथे सांगायला हवा. शीबांची पाळी आली, त्या पुढे झाल्या, आणि आपल्या लोकांनी उत्साहाने टाळ्यांचा ठेका धरला. धरला तो आरतीसारखा, ठोक्यावर. ब्लूग्रासची टाळी दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडते. तीच त्या संगीताची चाल आहे. हॉलभर लोक एका जागी टाळी देत होते आणि गाणं दुसऱ्या जागी चाललं होतं. शीबा गडबडल्या. त्यांचा गज थांबणार हे मला दिसत होतं. सुधाकररावांनी वाजवणं थांबवलं नाही, प्रेक्षकांकडे पाहिलंही नाही. ते आपल्या जागेवरून सरकत शीबांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि मधला ठोका त्यांच्या कानाजवळ जोरात वाजवत राहिले. शीबांनी डोळे मिटले, तो ठोका पकडला आणि पाळी पुरी केली. लोकांना वाटलं, टाळ्यांमुळे रंग भरला.

नंतर जेवताना कुणीतरी म्हणालं, "आजगावकर, तुम्ही सोलो का नाही वाजवलात? आम्ही तुम्हाला ऐकायला आलो होतो."

"वाजवत होतो की. सगळा वेळ," सुधाकरराव म्हणाले आणि पुरी तोडली.

त्यांच्या हट्टीपणाबद्दलही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा लेख त्यांनाच पटणार नाही. दुसऱ्याने सुरात लावलेली गिटार ते पुन्हा लावतात. माझ्या बेसची तार उतरली तर मला ते समजण्याआधी त्यांच्या चेहऱ्यावर समजतं. त्यांची लेक मृण्मयी लहानपणी घरात पियानोच्या ॲपवर काही वाजवू लागली की हे आतल्या खोलीतून चुकलेला सूर दुरुस्त करत म्हणत, "एफ शार्प." ती इंग्रजीत उत्तर देई, "बाबा, नोबडी आस्क्ड." आता ती स्वतः उत्तम गाते, पण एफ शार्पचा विषय घरात अजून निघतो.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या हाताचं अनामिका बोट अडकू लागलं. वाकवलं की वाकलेलंच राहायचं, उजव्या हाताने सरळ करावं लागायचं, आणि सरळ होताना कट्ट असा आवाज यायचा. आम्हाला ते कळलं कारण एका शुक्रवारी आपली पाळी आल्यावर त्यांनी मान हलवून ती रॉय यांना दिली. पुढच्या शुक्रवारीही दिली. मग पाळी घेणं त्यांनी सोडूनच दिलं, ती दर वेळी शीबांकडे पाठवू लागले. दोन-तीन बोटांत बसेल तेवढंच वाजवू लागले.

आपल्या मंडळातल्याच एका सर्जन बाईंनी तपासलं. शस्त्रक्रिया लहान होती. "जेवायला, लिहायला, स्टिअरिंगला बोट चालेल," त्या म्हणाल्या. "गिटारचं मात्र मी वचन देणार नाही. कडकपणा राहू शकतो." सुधाकररावांनी ऐकून घेतलं आणि तारीख घेतली नाही. आहे ते बोट अडकत का होईना, थोडं वाजवतं. कापल्यावर तेही गेलं तर काय, असा त्यांचा हिशेब. नीलिमाताई माझ्याशी फोनवर बोलल्या. "नोकरी संपली की आम्ही गावी जाणार. गिटार नसेल तर हा माणूस तिथे दिवसभर काय करेल? मला 'एफ शार्प' म्हणत बसेल."

मी, रॉय, मृण्मयी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. ज्यांचं ऐकलं त्या शीबा. बैठकीत त्या सरळ म्हणाल्या, "सर, आप अपना टर्न हर बार मेरे को देते हो. मैं क्यों लूं? आप डरते हो तो मैं भी डरेगी."

सुधाकररावांनी त्याच आठवड्यात तारीख घेतली.

शस्त्रक्रियेआधीच्या शुक्रवारी नीलिमाताई कांदाभजी घेऊन वर्कशॉपमध्ये आल्या. सुधाकररावांनी शेवटचं म्हणून एक गाणं सुरू केलं. फेरी झाली. दुसरी झाली. पाय उचलण्याची वेळ येऊन गेली, पण पाय हलला नाही. पुन्हा बँजो, पुन्हा व्हायोलिन, पुन्हा तेच. माझी बोटं सोलपटायला आली होती. कशासाठी चाललंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी थांबत नव्हतं आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. अखेर वाजवता वाजवता रॉय म्हणाले, "सुधाकर, माझी भजी गार होतायत." तेव्हा सुधाकरराव हसले आणि पाय उचलला.

शस्त्रक्रियेनंतर ते घरी बसून राहतील असं वाटलं होतं. पट्टी बांधलेला हात गळ्यात अडकवून ते पुढच्याच शुक्रवारी हजर. खुर्चीवर बसून उजव्या हाताने मांडीवर थाप देत राहिले. शुऐबाच्या कॅम्पात देत होते तशीच, दोन ठोक्यांच्या मधोमध. टाके निघाले. मग फिजिओथेरपी, कोमट पाणी, रबरी चेंडू. मग गिटार हातात आली, पण फक्त लयीपुरती. पाळी आली की मान हलवून पुढे पाठवणं चालूच. शीबा ती घेत होत्या, पण प्रत्येक वेळी आधी त्यांच्याकडे रोखून पाहत होत्या.

या वर्षीच्या हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी सुधाकररावांनी शस्त्रक्रियेआधी वाजवलेलं तेच गाणं सुरू केलं. रॉय यांची पाळी संपली, त्यांनी सवयीने सुधाकररावांकडे मान हलवली, आणि सुधाकररावांनी ती पुढे पाठवली नाही. ते वाजवू लागले. साधी चाल, सजावट काही नाही, जाड तारांवर. मध्ये एका जागी सूर दबला. बोट वेळेवर पोचलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं, तार उतरल्यावर दिसतं तसं. पुढच्या फेरीत त्यांनी पुन्हा पाळी घेतली, त्याच जागेवर आले, आणि तो सूर स्वच्छ वाजला.

मी पायाकडे पाहत होतो. पाय जमिनीवर होता. त्यांनी शीबांकडे मान हलवली, शीबांनी लगेच गज उचलला, आणि गाणं पुढे चालू राहिलं. नीलिमाताई दाराशी भज्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी डबा उघडला नाही.

श्री. सुधाकर आजगावकर यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. ते पुढे गावी राहोत की कुवेतला, त्यांची बोटं मोकळी राहोत, कान असेच तिखट राहोत, प्रकृती ठणठणीत असो आणि नीलिमाताईंची त्यांच्याबद्दलची तक्रार दीर्घकाळ चालू राहो. आम्हा बैठकीतल्या मंडळींची मागणी एवढीच की पाय उचलण्याची घाई त्यांनी करू नये. भजी गार झाली तर पुन्हा तळता येतात.