शाळेचं गाऱ्हाणं

जून लागला की शाळेचं कुलूप सत्यवती उघडते. खाडीकाठच्या त्या चौथीपर्यंतच्या शाळेत ती बावीस वर्षं पोरांची खिचडी रांधते आहे. कागदावर ती स्वयंपाकी-मदतनीस, पण तिला विचारल्याशिवाय तिथली घागरसुद्धा कोणी हलवत नाही. टोपं घासायची, वाशांवरची गांधीलमाशांची घरटी धुरी देऊन उठवायची, पटांगणातल्या झावळ्या ओढून काढायच्या आणि मग घरोघर फिरून सांगायचं, सोमवारी शाळा, पोरांना वेळेवर धाडा. हा तिचा दरवर्षीचा नेम.

यंदा सांगायला घरंच कुठे उरली होती! गेल्या वर्षी पटावर सात पोरं होती. तीन चौथी पास होऊन मोठ्या गावच्या शाळेत गेली, राहिली चार. पहिलीचा वर्ग दोन वर्षं रिकामा. वरून आलेल्या साहेबांनी शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिकेला, कावेरीबाईंना, साफ सांगितलं होतं की यंदाही पहिलीत कोणी नसेल तर ही चार पोरं डोंगरापलीकडच्या शाळेत बसतील आणि इथे टाळं लागेल. बाईंची काय, बदली झाली असती. सत्यवतीची चूल मात्र कायमची विझली असती. वाडीत ती सगळ्यांना सांगायची, पोरांसाठी शाळा टिकली पाहिजे. ते खोटं नव्हतं. पण त्याहून खरं हे की घरातल्या चुलीवर आता सुनेचं राज्य होतं, आणि हुकूम चालवायला सत्यवतीला ही एकच चूल शिल्लक होती.

पहिलीच्या वयाची, नाव घालायची बाकी असलेली वाडीत एकच मुलगी, अवनी. तिचा बाप अजय पर्यटकांना बोटीतून फिरवतो. जूनमध्ये बोट वर ओढलेली, त्यामुळे माणूस घरीच. पण घरातले निर्णय त्याच्या बायकोचे, रश्मीचे, आणि रश्मीने कुडाळची इंग्रजी शाळा ठरवून टाकली होती. सत्यवती तिच्याकडे दोनदा जाऊन आली. एकदा कोकमं घेऊन, एकदा कावेरीबाईंना घेऊन. बाईंनी शाळापूर्व तयारीची रंगीत कार्डं पसरली, अवनीने मणी ओवले, चेंडू झेलला, सगळं झालं. रश्मीने चहा दिला आणि बघूया म्हणाली. कोकणात बघूया म्हणजे नाही, हे सत्यवतीला कोणी शिकवायला नको.

तिसऱ्यांदा गेली तेव्हा रश्मीने शांतपणे विचारलं, "काकी, तुमचो चंदन खंयच्या शाळेत जाता?"

चंदन हा सत्यवतीचा नातू. तो कुडाळलाच जायचा, त्याच इंग्रजी शाळेत, दोन वर्षं. यंदा तोही पहिलीत होता. सत्यवती म्हणाली की ते त्याच्या आईबापाचं बघणं, त्यात आपलं काही चालत नाही. तेही अर्धं खरं. त्याचा प्रवेश झाला तेव्हा पेढे हिनेच वाटले होते की! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं वाडी दोन वर्षं पाठीमागे म्हणत होती. रश्मीने तोंडावर विचारलं, एवढाच फरक. सत्यवती चहा न पिता उठली.

मग तिने डोकं चालवलं. या भागात कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवापुढे नारळ धरून एक मानकरी मोठ्याने मागणं मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात. शाळेमागे काजऱ्याच्या झाडाखाली त्या जागेचा राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, आहे. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीच्या रविवारी पालक साफसफाईला जमतात, आणि काम आटोपलं की म्हातारा लवू तिथे गाऱ्हाणं घालतो. सत्यवतीने त्याला आधीच गाठून सांगितलं, यंदा अवनीचं नाव घे, अजय समोर असेल. लवूने पानाची पिंक टाकली आणि म्हणाला की गाऱ्हाण्यात एकट्यादुकट्याचं नाव घेत नाहीत, राखणदार सगळ्यांचा आहे. काय सांगायचं ते मी बघतो. सत्यवतीला तेवढं पुरे होतं.

रविवारी अजय कौलं चाळायला आला होता. सत्यवतीचा मुलगा सुशांत नळ दुरुस्त करत होता. काम झालं, सगळे काजऱ्याखाली उभे राहिले आणि लवूने सूर लावला. पावसापाण्याचं झालं, रोगराईचं झालं. मग तो म्हणाला, "ह्या वाडीतला प्रत्येक पोर ह्याच शाळेत शिकात, असो आज तुका सगळ्यांचो शब्द आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाण्यातले शब्द कोण कान देऊन ऐकतो? होय आपसूक तोंडातून निघतं. अजय दोरी गुंडाळता गुंडाळता होय म्हणाला, सुशांत पाना पुसत म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज सत्यवतीचा होता.

अजय राखणदाराला नारळ दिल्याशिवाय बोट पाण्यात घालत नाही. दिलेला शब्द मोडणं त्याच्याने होणारच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच रश्मी सत्यवतीच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"माझ्या घोवान शब्द दिल्यान, तो मोडूची माझी हिंमत नाय. पण शब्द सगळ्या पोरांचो आसा, काकी. चंदन येतलो तेव्हा अवनी येतली."

सून अनुजा मोरीपाशी भांडी घासत होती. तिचे हात थांबले. लवूच्या वाक्याचा अर्थ सत्यवतीच्या डोक्यात तेव्हा कुठे शिरला. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात ती नातवासकट पडली होती. ती तशीच लवूकडे गेली आणि क्षमेचा नारळ ठेवून शब्द मागे घेता येईल का, असं विचारलं.

"येता," लवू म्हणाला. "पण मगे शाळा तुका होयी ना?"

ती आल्या पावली परत आली.

शाळेचा पहिला दिवस, नव्या पोरांचा प्रवेशोत्सव, आठवड्यावर आला होता. घरी चार दिवस कोणी कोणाशी नीट बोललं नाही. सुशांत राखणदाराला भिऊन गप्प, अनुजा रागाने गप्प. होय तुम्ही म्हणालात, वर्ष माझ्या मुलाचं का वाया घालवायचं, एवढंच तिचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. सत्यवतीने आधी देवाच्या कोपाची भीती घालून पाहिली. अनुजा बधली नाही. पाचव्या दिवशी सत्यवती तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिने एकदाचं सांगून टाकलं.

"माझी चूल जाता, अनुजा. म्हणान मी ह्या सगळा केलंय."

अनुजा उठून आत गेली. संध्याकाळी सुशांतने गाडीवाल्याला फोन करून चंदनला न्यायला येऊ नको म्हणून कळवलं. सत्यवतीला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

सोमवारी कावेरीबाईंनी दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. अवनीला आणि चंदनला गुलाबाचं फूल आणि नवीन पुस्तकं मिळाली. पहिलीच्या हजेरीत दोन नावं चढली आणि शाळा राहिली. रश्मी हसली, दोन पोरींच्या वेण्याही तिने नीट करून दिल्या. अनुजा चंदनला सोडून परत निघाली, पण वाटेत सत्यवतीसमोर थांबली.

"आई, हो शिकलो नाय तर जाब तुमी देवचो. राखणदाराक मदी हाडू नका."

सत्यवतीने मान डोलावली. दुपारी तिने सहा ताटं वाढली. चंदनला खिचडी तिखट लागली, तरी त्याने संपवली. एरवी टोपं घासून ती दोनच्या आत घरी जाते. त्या दिवशी तिने टोपं भिजत ठेवली, हात पदराला पुसले आणि ती वर्गाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. कावेरीबाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या आणि चंदन मान वर करून बघत होता. वर्गात नक्की काय शिकवतात, हे बावीस वर्षांत तिने एकदाही पाहिलं नव्हतं.