पैलवानाचा खुराक

माझ्या नवऱ्याचे दंड बघूनच माहेरचे म्हणाले होते, पोरीनं नशीब काढलं. संगमनेरजवळच्या आमच्या गावात तो नावाजलेला पैलवान. पुढे गुडघा गेला, कुस्ती सुटली, खुराक मात्र सुटला नाही. तांब्याभर दूध, बदाम, भाकरी बुडेल इतकं तूप. तीन-चार वर्षांत पोट सुटलं, आणि सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "खात्यापित्या घरचा दिसतुय."

मग चप्पल लागून पायाच्या अंगठ्याला जखम झाली. महिना झाला तरी भरेना, म्हणून मीच त्याला ओढत नगरला नेलं. रक्तात साखर निघाली, तीही भरमसाट. डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. "ही चरबी नुसती साठून राहत नाही, आतून सुजते. त्या सुजेतून जे पाझरतं, ते इन्सुलिनला नीट काम करू देत नाही, असं आता नव्यानं कळायला लागलंय. पोट उतरवा, नाहीतर गोळ्या पुरणार नाहीत. पाय जाईल."

त्यानं डॉक्टरांची कॉलरच धरली. "माज्या अंगाला सूज म्हंतो व्हय रं? कमावल्यालं अंग हाय हे!" कंपाउंडरनं आणि मी मिळून त्याला मागं खेचलं.

घरी येताच त्यानं पट्टी फाडली आणि तालमीतली लाल माती जखमेत दाबली. "ह्या मातीनं लई जखमा भरल्यात," म्हणाला. मी पाणी घेऊन पाय धरला, तर दुसऱ्या पायानं छातीत अशी लाथ बसली की मी चुलीवर जाऊन पडले. तरी दुसऱ्या दिवशी मी कोरडी भाकरी वाढली. पितळी तांब्या भिरभिरत आला आणि माझी भुवई फुटली. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषाच्या ताटाला हात लावू न्हाई."

मग मी तूप वाढलं. भीतीनं वाढलं, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. एका डोळ्यावर फडकं बांधून मी पळीमागून पळी ओतत होते आणि मनात म्हणत होते, खा. अजून खा. तो खूश होता. "आता कशी वळनावर आली!"

दोन महिन्यांत पाऊल काळं पडलं. वासानं घरात थांबवत नव्हतं. नगरलाच गुडघ्याखालून पाय कापला. शुद्धीवर आल्यावर तो खाटेवर मुठी आपटत गुरासारखा ओरडत होता.

डॉक्टर संतापून बाहेर आले. "पथ्य सांगितलं होतं ना? घरात यांना वाढतं कोण?"

सासूबाईंनी मान खाली घातली.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या भुवईकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "तुमचा तरी काय दोष, ताई. अडाणीपणा आहे सगळा," म्हणून ते पुढं गेले.

मी अडाणी नव्हते. त्या घरात त्यांचं बोलणं नीट समजलेली मी एकटीच होते.