हौदात न सोडलेली मोटार

मुरुमच्या बसस्टँडमागं जलीलभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या, बोअरमधल्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार मोजून गुंडाळायची, हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. वाचनालयाच्या वर्धापनदिनाच्या अंकात त्यांच्याविषयी कुणी लिहावं यावर चर्चा झाली आणि सगळे माझ्याकडं बघू लागले. मी वाचनालयात बत्तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. लिहिलं ते फक्त रजिस्टरात. जमेल तसं लिहितो.

दुपारी लाइट गेली की त्यांचं काम थांबायचं. मग ते हात पुसत वाचनालयात यायचे. चपला बाहेर नीट जोडून ठेवायचे, पेपर उलगडायचे आणि राजकारणाची पानं बाजूला सारून विज्ञानाचं पान शोधायचे. मराठी ते सावकाश, बोट ठेवून वाचत. अडलं की म्हणायचे, "आप्पा, जरा बघा हो ह्ये."

एका रविवारच्या पुरवणीत मोठा लेख आला होता. जगातल्या सगळ्या बलांच्या मुळाशी एकच बल असावं, अशा विचाराचा. जलीलभाईंनी तो चार दिवस वाचला. मग बोटांवर मोजत मला म्हणाले, "एक वीज-चुंबकाची. एक अणूचं पोट बांधून धरणारी. एक अणूला आतून हळूहळू बदलणारी. आन् एक आंबा खाली पाडणारी. चारच ताकदी. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

पलीकडं रिटायर्ड कंडक्टर उत्तरेश्वर बसले होते. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चारी एक झाल्या तर लाइटबिल एकच येईल का चार?"

"तुमाला चार येतील," जलीलभाई म्हणाले. "तुमी पंखा बंद करीत न्हाय." मग माझ्याकडं वळले. "वीज आन् चुंबक एकच, ह्ये मला कुणी सांगायला नको. तार गुंडाळली, करंट सोडला, का लोखंड धरतंय. करंट काढला, का सोडतंय. उस्तादानं पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. पन बाकीच्यांचं काय? झाल्या का चारी एक?"

तो लेख मला अर्ध्यातूनच समजेनासा झाला होता. शेवट मी वाचलाच नव्हता. पण इतकी वर्षं पुस्तकांत बसलेल्या माणसानं 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं, असं वाटलं. मी म्हणालो, "झाल्या."

त्यांचा चेहरा उजळला. "व्हय का? लई मोठं काम केलं म्हणायचं."

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी विज्ञान दिन होता. त्यांची नात हुमेरा तेव्हा नववीत होती. तिच्या वर्गशिक्षिका गायत्री मॅडमनी तिच्या आजोबांना वर्गात प्रयोग दाखवायला बोलावलं. मलाही पहिल्या रांगेत खुर्ची दिली. जलीलभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. त्यांनी लांब खिळ्यावर तार गुंडाळली, सेलला जोडली आणि टाचण्या उचलून दाखवल्या. तार सोडवली तशा टाचण्या खाली पडल्या. मुलं खूश झाली. मग ते म्हणाले, "वीज आन् चुंबक जसं एक, तशाच जगातल्या चारी ताकदी एक हायेत. शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय."

गायत्री मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, वीज-चुंबक आणि अणूला बदलणारं बल, एवढ्यांचा जोड लागलाय. अणूचं पोट धरणाऱ्याचा अजून पक्का नाही. आणि गुरुत्वाकर्षण तर कुणालाच जोडता आलेलं नाही."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. हुमेरानं मान खाली घातली. जलीलभाई म्हणाले, "चुकलं माझं," आणि टाचण्या गोळा करू लागले. 'मी सांगितलं होतं' एवढे तीन शब्द मला बोलायचे होते. मी बसून राहिलो.

नंतर बारा दिवस ते वाचनालयात आले नाहीत. रोज लाइट जायची, मी दाराकडं बघायचो. लेखाचा शेवट काढून वाचला. मॅडम म्हणाल्या तेच तिथं होतं, साध्या मराठीत.

तेराव्या दिवशी मी दुकानात गेलो. दुकानापुढं सिमेंटचा हौद होता. नवी गुंडाळलेली पाणबुडी मोटार त्या हौदात सोडून तासभर चालवल्याशिवाय ते कुणालाही 'झाली' म्हणत नसत. तोवर मोटारीला पुठ्ठ्याची पट्टी बांधलेली असे. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि खाली 'बाकी'. शेतकरी कितीही घाईला आला तरी पट्टी सुटत नसे.

मी म्हणालो, "जलीलभाई, शेवट न वाचता बोललो मी."

"ठावं हाय," ते म्हणाले. हातातली तार त्यांनी थांबवली नाही. "परत वाचला मी."

"मग वर्गात माझं नाव का नाही घेतलं?"

"मोटार जळली तर शेतकरी मला बोलतो. वायर कुणाची हलकी होती, ते त्याला कशाला सांगू? मीच हौदात न सोडता देऊन टाकली." मग म्हणाले, "माझं काय न्हाय हो आप्पा. पोरगी बोलत न्हाय माझ्याशी. शाळेत तिला 'चार ताकद' म्हणतात."

मी म्हणालो, "उद्या शाळेत जाऊ. मी बोलतो."

"तुमी? चार माणसांत?"

"चाळीस मुलांत," मी म्हणालो. तेव्हा ते हसले.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहिलो. एवढंच म्हणालो, "मुलांनो, हुमेराच्या आजोबांना ते मी सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, तरी सांगितलं." कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग चारी एक करायचं कामच संपलं न्हाय का अजून?"

"न्हाय ना," जलीलभाई म्हणाले. त्यांनी खिशातून पुठ्ठ्याची पट्टी काढली, तिच्यावर बोट ठेवून वाचावं तसं सावकाश लिहिलं: 'चार ताकदी. मुक्काम सगळीकडं. बाकी.' ती त्या तार गुंडाळलेल्या खिळ्याला बांधली आणि हुमेराच्या हातात दिली. "हौदात सुटल्याशिवाय काढायची न्हाय," असं तिला बजावलं. तिनं ती मॅडमच्या कपाटात नेऊन ठेवली. परतताना आजोबांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली आणि वाचनालयाबाहेर चपला जोडून ठेवल्याचा आवाज आला.

गेल्या महिन्यात शाळेत जाणं झालं. गायत्री मॅडम बदलून गेल्यात. विज्ञानाचे नवे सर कपाट आवरत होते. खिळा गंजलाय, पट्टीवरची शाई फिकी झालीय. सरांनी विचारलं, "ही काढून टाकायची का?"

मी म्हणालो, "एवढ्यात नको."