धडक आणि नमस्कार

किरण समोरच्या खेळाडूला खांद्याने भिंतीवर आपटायचा आणि लगेच ग्लोव्ह घातलेला हात स्वतःच्या छातीला टेकवायचा. हे इतक्या झटक्यात व्हायचं की बघणाऱ्याला वाटावं, पठ्ठ्या छाती ठोकतोय. मला मात्र पहिल्याच मॅचला ते ओळखू आलं. चुकून कोणाला पाय लागला की आपण त्याला हात लावतो आणि तो हात छातीला नेतो, तसलाच तो नमस्कार होता. मिशिगनमधल्या बर्फावरच्या हॉकीच्या त्या गच्च भरलेल्या रिंकमध्ये हे कळणारा मी एकटाच असणार.

ही २००३ सालची गोष्ट. मी नोकरीसाठी त्या गावात नवीन आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील सूतगिरणीत होते. डिग्रीचा मला अभिमान होता, आजही आहे, उगाच लपवत नाही. पण हॉकी म्हणजे गवतावरची, एवढंच मला ठाऊक. जवळच्या ॲन आर्बर शहरातल्या इंडियन दुकानात मेथी निवडताना सुधाकाकूंशी ओळख झाली. मी कुठे राहतो ते कळल्यावर म्हणाल्या, "अय्या, आमचा किरण तुमच्याच गावच्या टीममध्ये आहे. बर्फावरची हॉकी खेळतो, पगार घेऊन."

"गोल करतो का?"

"छे! करणाऱ्याला अडवतो. डिफेन्समन म्हणे. मी म्हणते, वॉचमन. जा एकदा बघायला, आणि जेवतो का नीट तेवढं विचार."

मी गेलो. मॅच संपल्यावर बाहेर आला तो सहा फुटी, समोरचा एक दात नसलेला, ओल्या केसांचा पोरगा. "तुम्ही दादा ना? आईने फोन केला होता." मराठी मोडकं, पण दादा मात्र स्पष्ट. मी त्याला छातीवरच्या हाताचं विचारलं. तो लाजलाच.

"इट्स रिफ्लेक्स, दादा. आईने हॅबिट लावली. पाय लागला, धक्का लागला, की नमस्कार. नाही केला तर जेवायला वाढायची नाही."

"पण इथे तर धक्के देण्याचाच पगार आहे तुला."

"म्हणून तर जास्त करावा लागतो!" असं म्हणून तो खदखदा हसला.

मोठ्या लीगच्या खालच्या लीगमध्ये तो खेळत होता. तिथले सगळेच वरून बोलावणं येण्याची वाट बघत असतात. बसने रात्रंदिवस प्रवास, मोडलेली बोटं, आणि डोक्यात एकच विचार, कधी एकदा वर जातो. किरण त्यात शांत असायचा. त्याचं काम साधं होतं. समोरचा खेळाडू ती रबरी चकती, म्हणजे पक, घेऊन आपल्या गोलकडे आला, की आडवं जायचं आणि त्याला भिंतीला चिकटवायचं. "गोल करणाऱ्याला लोक विसरत नाहीत," तो म्हणायचा, "डिफेन्समन चुकला तरच लोकांना आठवतो." त्या छातीवरच्या हातामुळे त्याने दोनदा मार खाल्ला. समोरच्यांना वाटलं, हा आपल्याला चिडवतोय. एकदा ओठ फाटलेला घेऊन तो माझ्या घरी जेवायला आला. फोनवर काकू म्हणाल्या, "मला काय माहीत, हा लोकांना आपटायचा धंदा करणार आहे! नाहीतर नमस्कार शिकवलाच नसता मेल्याला."

मी म्हणालो, "अरे, सांगून टाक ना सगळ्यांना." तो नकारार्थी मान हलवून जेवत राहिला.

२००६ च्या हिवाळ्यात समोरच्या टीममधला टायलर नावाचा एक मुलगा भिंतीच्या कडेने पक घेऊन येत होता. किरण आडवा गेला. धडक नियमात होती, रेफरीने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. पण टायलरच्या स्केटचं पातं बर्फात अडकलं आणि अंग फिरलं तरी गुडघा फिरला नाही. किरण सवयीने वळला, हात छातीला गेला, आणि त्याच क्षणी मागून किंकाळी आली.

टीव्हीवर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा दाखवला. पुढे बर्फावर लोळणारा टायलर, मागे छातीला हात लावणारा किरण. आवाज बंद करून बघितलं तर मलासुद्धा तो नीच वाटला असता. टायलर पुन्हा खेळू शकणार नाही, हे आठवड्याभरात कळलं.

शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. सगळं समजावून सांगता येतं असं त्याला वाटतं. मी म्हणालो, "मी पेपरला लिहितो. आपली पद्धत काय आहे ते सांगतो."

"नको दादा, प्लीज."

"अरे, तुझी बदनामी होतेय!"

"होऊ दे. त्याचा गुडघा गेलाय. आणि आपण काय सांगणार? माझी आई चांगली आहे?"

मी पेपरला लिहिलं नाही.

त्यानंतर बाहेरच्या गावी मॅच असली की किरण बर्फावर उतरताच हजारो लोक छाती बडवायला लागायचे. धप, धप, धप. अशा एका मॅचला सुधाकाकू माझ्याबरोबर होत्या. किरणने नको म्हटलं होतं, पण त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. आवाज सुरू झाला तशा त्या चहूकडे बघायला लागल्या.

"हे सगळे काय करतायत रे?"

मी म्हणालो, "किरणसारखं करतायत."

"अगंबाई, शिकले की!" त्यांचा हातही कौतुकाने छातीकडे गेला. मग त्यांना शेजारच्या माणसाचं तोंड दिसलं. तो दातओठ खाऊन ओरडत होता. काकूंचा हात तिथेच थांबला, आणि हळूच शालीच्या आत गेला. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "मीच शिकवलं ना रे त्याला."

त्या उन्हाळ्यात किरणने मला विचारलं, "टायलरकडे जायचंय. ड्राइव्ह कराल?" तो स्वतः गाडी चालवायच्या अवस्थेत नव्हता. तीन वर्षं भिंतीसारखा उभा राहणारा माणूस, पण सीट बेल्टसुद्धा मलाच लावून द्यावा लागला.

दार टायलरनेच उघडलं. गुडघ्याला लोखंडी पट्टे, हातात कुबडी. त्याने आम्हाला आत बसवलं, कॉफी दिली. शिवीगाळ केली असती तर बरं झालं असतं, असं त्या घरात वाटत होतं. त्याने एकच प्रश्न विचारला. "तू माझ्यावर हसत होतास का?"

"नाही."

"मग ते काय होतं?"

मग किरणने सांगितलं. पाय, धक्का, आई, जेवायचं ताट, सगळं. मी मनात म्हणालो, चला, आता हा सुटला. टायलरने हातातला कप खाली ठेवला.

"म्हणजे मी ओरडायच्या आधीच तू माफी मागून मोकळा झाला होतास," तो म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला कळलं ते त्याने बोलून दाखवलं, इतकंच. किरणने मान खाली घातली. परतताना गाव जवळ आल्यावर तो म्हणाला, "ही इज राइट, दादा. मी प्रत्येक वेळी तेच करत होतो. हिट करायचं, हात लावायचा, क्लीन. म्हणून मला इतकं जोरात हिट करता यायचं."

पुढच्या मोसमात त्याचा हात छातीकडे गेला नाही. दोन्ही हातांनी तो स्टिक घट्ट धरून ठेवायचा. पण आडवं जाण्याआधी आता तो क्षणभर थांबायचा, आणि बर्फावर तेवढ्या क्षणात गोल होतो. मी वरून बघायचो. समोरचा खेळाडू येतोय, किरण सरसावतोय, आणि भिंत जवळ आली की खांदा मऊ पडतोय. एकदा प्रशिक्षक त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "तू फार सभ्य माणूस झालास. मला सभ्य माणसं नको आहेत, डिफेन्समन हवेत." वरून बोलावणं आलंच नाही. २००८ मध्ये टीमने त्याचा करार वाढवला नाही. तेव्हा त्याचं वय माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळच्या वयाहून फारसं जास्त नव्हतं.

काकू मला म्हणाल्या, "बरं झालं, सुटला एकदाचा." मी मान हलवली. तो सुटला नव्हता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तो गाव सोडून निघाला त्या दिवशी मी सामान भरायला गेलो. पश्चिमेकडे कुठेतरी लहान मुलांना स्केटिंग शिकवायचं काम मिळालं होतं. फक्त स्केटिंग. धडक शिकवणार नाही, ही त्याची अट होती. जिन्यात तो मोठं खोकं घेऊन उतरत असताना त्याची टाच माझ्या पायावर पडली. चांगलीच लागली, मी ओरडलो.

त्याने खोकं खाली ठेवलं. आणि दोन वर्षांत मी पाहिलं नव्हतं ते केलं. वाकून त्याने माझ्या बुटाला हात लावला. मग तो हात हवेतच धरून त्याने मला विचारलं, "दादा, लागलं का? खरं सांगा."

"लागलं," मी म्हणालो.

"किती?"

"दुखतंय, पण चालता येतंय."

तो तसाच वाकून थांबला. मी दोन पायऱ्या उतरून दाखवल्या. माझं पाऊल नीट पडतंय हे बघितल्यावरच त्याने हात छातीला टेकवला.