गोबरगॅसला मोसंबीचा डोस

माझ्या घरात गॅसची टाकी येणार न्हाई, हे मी पारावर गावादेखत सांगून ठेवलं होतं. (मी चौथी शिकलो, पण गोबरगॅस स्वतः उभं राहून बांधून घेतलाय. वीस वर्षं झाली!) घरातली चूलबी मागच्या साली मीच मोडली अन् तिथं मोसंबीची कॅरेटं रचली.

यंदा अधिक महिना आला. जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे होते. जावई परतूरचे, त्यांच्या घरी टाकीचा गॅस. म्हणलं, यांना दाखवूच जाळ कसा असतो!

मागं माझं पोट बिघडलं तवा डॉक्टरनं मोसंबीचा रस दिल्ता. दोन दिवसांत पोट बराबर. अन् गोबरगॅस म्हणजे तरी काय, एक मोठं पोटच की! बागेत गळ झालेली मोसंबी पडली होती. पाच टोपले चेचून शेणाच्या हौदात लोटले.

सून धावत आली. "मामा, आंबट टाकू नका! आतले जिवाणू मरतात, गॅस बनायचा थांबतो."

"मी हा बांधला तवा तू अंगणवाडीत होतीस," म्हणलं, "मला शिकवून राह्यली!"

चौथ्या दिवशी जाळ बारीक झाला.

"अहो, वरण शिजंना," म्हातारी म्हणाली.

"पचून राह्यलंय ते. धीर धर." (अन् गुपचूप आणखी पाच टोपले टाकले. डोस कमी पडला असंल!)

धोंड्याचा दिवस उजाडला. जावई नवे कपडे घालून पाटावर बसले. आतून म्हातारीनं हाक मारली, "जल्दी या हिकडं!" गेलो. शेगडी नुसती फुसफुस करत होती. काडी धरली, काडीच विझली! दुसरी धरली, तीबी विझली! अशी आख्खी पेटी संपली. वास असा, की सुनेनं पदर नाकाला लावला.

"मंग आता? चूल पेटवू का?" म्हातारीनं विचारलं. "का कॅरेटं पेटवू?"

"थांब, नळीत पाणी अडकलं असंल," म्हणत मी नळी काढली, झटकली, तोंडानं फुंकली. थेंबबी निघंना. उलट मलाच ठसका लागला, तो थांबंना.

ठसका ऐकून जावई आत आले. कच्चे धोंडे बघितले, मला बघितलं. "मामा, शेजारून टाकी आणू का?"

"बिलकुल न्हाई!" म्हणायला तोंड उघडलं, पण ठसक्यानं शब्दच फुटंना. तवर ते गेलेबी!

शेजारचा शंकर माझा चुलतभाऊ. टाकी घेतली म्हणून त्याला मी चारचौघांत आळशी म्हणलो होतो. तो पारापर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "न्या पाव्हणं! अन् सासऱ्याला म्हणावं, हिच्यात मोसंबी पिळू नका!"

ज्या पारावर मी बोललो होतो, त्याच पारादेखत माझा जावई खांद्यावर टाकी घेऊन आला. आख्खा पार उठून उभा राह्यला.

धोंडे झाले, चांगले झाले. सगळे पोटभर जेवले. त्या दिवशी घरात दोनच गोष्टी बंद होत्या, गोबरगॅस अन् माझं तोंड. गोबरगॅस चालू व्हायला महिना लागला. म्हातारी म्हणती, "तुमच्या तोंडालाबी तेवढाच लागला असता, तर आणखी दहा टोपले मीच टाकले असते!"