दवाखाना बंद का?

आलमबागच्या आमच्या गल्लीत सरकारी दवाखाना आहे. आमदारांनी फीत कापली, लाडू वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला जे कुलूप लागलं ते निघेचना. शेजारच्या चाचींच्या यजमानांना दमा. धाप लागली की चाची त्यांना ऑटोत घालून पार हजरतगंजपलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायच्या. वाटेत जाम लागला की मला फोन करून नुसत्या रडायच्या. मी इकडून काय करणार? मीही रडायचे.

शेवटी चाचींनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. स्वतःच्या हातानं लिहिलेली एकच ओळ: दवाखाना बंद क्यों है? उत्तर आलं की ‘क्यों’ हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

तो कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या. आमचे हे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात माहिती अधिकारी. उत्तर वाचून म्हणाले, "जवाब तो सही है, चाची."

माझं डोकंच फिरलं. चाची गेल्यावर विचारलं, "अहो, तुम्हीही लोकांना हेच लिहून पाठवता?"

"नियमच तसा आहे. जे कागदावर आहे तेवढं द्यायचं. कारण विचारलं की अर्ज निकालात."

त्या संध्याकाळी त्यांना चहा मिळाला नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात, तर त्या चाचींनाही दाखवा, एवढंच मी म्हटलं.

बिचारे निमूट उठले आणि चाचींच्या दारात जाऊन बसले. "क्यों मत पूछिए. काग़ज़ माँगिए. किसकी पोस्टिंग है, उसका आदेश. और हाज़िरी रजिस्टर की कॉपी."

"हमें काग़ज़ का क्या करना, बेटा? हमें तो डॉक्टर चाहिए." पण सांगितलं तसं त्यांनी लिहिलं.

कागद आले. डॉक्टर, नर्स, कंपाउंडर, सगळे रोज हजर. सह्यांसकट. बाहेर कुलूप आणि आत म्हणे रुग्णसेवा चालू.

ती प्रत घेऊन चाची आमदारांच्या जनता दरबारात गेल्या. सोबत मी. मी मागे मागे, त्या थेट पुढे. आमदारांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ये आपको किसने दिया?"

"आप ही की सरकार ने दिया, भैया."

मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांनी चाचींना शेजारी बसवून घेतलं आणि तिथूनच फोन लावला. खरंच ठाऊक नव्हतं की सोंग होतं, देव जाणे. मला तर त्यांची कीवच आली. फीत कापून गेलेला माणूस, परत फिरकलाच नव्हता.

दिवाळीच्या आधी दवाखाना उघडला. चाचा आता काठी टेकत चालत जातात, वाफ घेऊन येतात.

चाची लाडू घेऊन आल्या त्या दिवशी मी ह्यांनाही चहा दिला. लाडू हातावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "सब ठीक हो गया, बेटा. मगर बंद क्यों था, ये तो किसी ने बताया ही नहीं."

आता हे पुन्हा नियम सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हम सरकारी लोगों को आपका डर नहीं था, चाची. इसलिए."